सोनेरी कडेमागचा काळोख

दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, बँकांच्या दिनदर्शिका, रविवारच्या पुरवण्या आणि शहरोशहरी भरणारी वन्यजीव छायाचित्रांची प्रदर्शने यांवरून नुसती नजर फिरवली, तरी रानातल्या प्राण्याचे एक नवेच रूप आपल्याकडे अलीकडे रूढ झाले आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल. चौकट जवळजवळ काळीभोर असते. तीत ना झाड दिसते, ना वाट, ना आकाश. आणि त्या काळोखातून वाघाची पाठ, सांबराचे कान किंवा वानराच्या मस्तकाभोवतीचे केस तेवढे एका बारीक सोनेरी रेषेने कोरून काढल्यासारखे उमटलेले असतात. छायाचित्रकार ज्याला आपापसांत ‘रिम लाइट’ म्हणतात, तो हा कडेचा प्रकाश. ज्या चित्रात तो साधला आहे त्याला बक्षीस मिळण्याचा संभव अधिक, ते चटकन विकले जाते आणि समाजमाध्यमांवर त्याची वाहवाही विशेष होते, असा आजचा व्यवहार आहे.

एकेकाळी ही पद्धत जवळजवळ त्याज्य मानली जाई. बॉक्स कॅमेरा विकत घेणाऱ्याला पहिला उपदेश मिळे तो असा की, सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा आणि ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्या तोंडावर ऊन पडू द्यावे. रानातल्या छायाचित्रणाचा पाया ज्यांनी घातला त्यांचाही भर प्राणी स्वच्छ, सर्वांगी आणि ओळखू येईल असा दिसण्यावरच होता. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जनावराच्या वाटेवर तार ताणून, तिला पाय लागताच झोत पेटून चित्र निघावे अशी तजवीज केली आणि १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या ग्रंथात ती चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा बंदुकीवाचूनही वाघ हस्तगत करता येतो याचा तो दाखलाच ठरला. पण त्या चित्रांतला प्रकाश कॅमेऱ्याच्या बाजूने येणारा होता आणि वाघाचा पट्टा न् पट्टा त्यात वाचता येत होता. आजही व्याघ्रगणनेसाठी रानात जे स्वयंचलित कॅमेरे बांधतात त्यांचे सारे काम या पट्ट्यांवरच चालते, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्या दृष्टीने पाहता, पाठीमागून उजळलेल्या वाघाचे चित्र दस्तऐवज म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे: तो कोणत्या खुणेचा, जखमी की धडधाकट, पोट भरलेला की उपाशी, यांपैकी काहीच ते सांगत नाही. मला ही चित्रे मनापासून आवडतात, हे येथेच सांगून टाकतो; माझी जी काही तक्रार आहे ती त्या रेषेभोवतीच्या काळोखापुरती आहे, आणि ती मांडण्यापूर्वी ती रेषा मुळात उमटते कशी, याचा थोडा तपशील द्यावा लागेल.

सूर्य क्षितिजाजवळ असताना प्राणी जर सूर्य आणि पाहणारा यांच्या मधोमध आला, तर त्याची आपल्याकडची बाजू सावलीत राहते आणि सूर्याचे किरण केवळ त्याच्या बाह्यरेषेला चाटून आपल्यापर्यंत पोहोचतात. या बाह्यरेषेवर दोन गोष्टी घडतात. एक तर कोणताही पृष्ठभाग अगदी तिरप्या किरणांना एरवीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात परावर्तित करतो. आणि दुसरे म्हणजे कातडीवरचा सुटा केस हा अर्धपारदर्शक तंतू असल्यामुळे पाठीमागून आलेला प्रकाश तो अडवून न धरता किंचित पांगवून पुढे पाठवतो. म्हणूनच हा खेळ उन्हाचा तितकाच केसांचाही आहे. गव्याच्या अंगावरचे केस आखूड आणि चकचकीत, सबब त्याच्या पाठीवर एकच सणसणीत रेघ येते. अस्वलाचे केस लांब आणि विसकटलेले, तेव्हा त्याच्याभोवती रुंद, धूसर प्रभा पसरते. सांबराच्या मानेवरचे राठ केस तर एकेक सुटे मोजून घ्यावेत. आणि सफारीतले पर्यटक ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत ते काळ्या तोंडाचे, रुपेरी केसांचे वानर या प्रकाशाचे खरे मानकरी आहे: चेहरा सावलीत पार बुडून जातो आणि त्याच्याभोवतीचे फिकट केस तेवढे पेटून उठतात. त्यासाठी ताडोब्याचे आरक्षण लागत नाही; सह्याद्रीतल्या एखाद्या गडाच्या तटावर, नाहीतर गावाबाहेरच्या देवळाच्या कळसाशी, सकाळी सात वाजता ऊन खात बसलेले वानर पुरते.

कानांची गोष्ट निराळी. कानाची पाळी पातळ, आत रक्तवाहिन्यांचे जाळे. तीतून आरपार येणारा प्रकाश लाल होऊन येतो आणि हरणाने मान वळवताच त्या शिरांची फाट्याफाट्यांची नक्षी क्षणभर स्वच्छ दिसते. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या कन्येला समोर उभे करून निरांजन हाती घेतलेल्या स्त्रीचे जे जलरंगचित्र काढले, जे आज मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ज्याला कित्येक लोक अज्ञानाने रविवर्म्याचे समजतात, त्यातल्या ज्योतीआड धरलेल्या बोटांच्या कडा अशाच आतून तांबूस उजळलेल्या आहेत. हळदणकरांना तो परिणाम कुंचल्याने, आणि तोही जलरंगासारख्या गिरवागिरव न खपवणाऱ्या माध्यमात, साधावा लागला. छायाचित्रकाराला तो सूर्य फुकट देतो. जागा आणि वेळ मात्र त्याची त्याने शोधायची असते.

ही जागा शोधणे म्हणजे काय, याचे प्रात्यक्षिक कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात जितके चांगले मिळते तितके मोठ्या व्याघ्रप्रकल्पांतही मिळत नाही. १९८० साली स्थापन झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. उघडा माळ, अधूनमधून बाभळी आणि पायांत रुतणारे कुसळी गवत, एवढीच त्याची दौलत. हिवाळ्यातल्या सकाळी ऊन तिरपे माळावर उतरते तेव्हा आधी पेटते ते गवत: प्रत्येक कुसळाच्या टोकाशी प्रकाशाचा ठिपका येतो, आणि त्या ठिपक्यांच्या पलीकडून काळवीट चालत येते. नराची पाठ काळी, पोट पांढरे, डोळ्याभोवती पांढरे कडे. पण सूर्याकडे तोंड करून पाहणाऱ्याला हे रंग जाणवेनासे होतात आणि उरतात ती पिळदार शिंगे, ज्यांच्या एकेका वळ्यावर उजेडाची एकेक कोर अडकलेली असते. थंडी चांगली असली तर नाकपुड्यांतून निघणारी वाफही उजळते. माद्या आणि पाडसे फिकट रंगाची. त्यांची कड अधिक रुंद येते आणि कान तर दिव्यासारखे लागतात. आता या सगळ्याच्या मागे जर उजळ आकाश आले, तर काळविटाची नुसती काळी आकृती पदरी पडते, जी सुंदर असली तरी निराळ्या जातीची. कडेच्या प्रकाशाला मागे सावलीच हवी. आणि ती मिळते ओढ्याच्या काठाशी, बाभळीच्या राईत किंवा टेकडीच्या आपल्याकडे तोंड केलेल्या उतारावर, जिथे ऊन अजून पोहोचलेले नाही. सूर्य माथ्यावरून डोकावला आहे, माळ उजळला आहे आणि उतार मात्र काळाच आहे, हा योग अर्धा-पाऊण तासाच्या पलीकडे टिकत नाही, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि थोडा वर चढताच तो प्राण्याच्या पाठीवर वरून पडू लागतो. माळावर बसून राहणाऱ्याला ही वेळापत्रके आपोआप पाठ होतात. धावपळ करणाऱ्याला ती कधीच कळत नाहीत.

मग येते यंत्राची अडचण. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची समजूत अशी असते की, समोरचे जग सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे आहे. समोर काळा उतार आणि त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ असा मामला आला, की तो इमानेइतबारे त्या काळोखाला करडा करायला निघतो, एक्स्पोजर वाढवतो, आणि त्या खटपटीत ज्या रेषेसाठी सारा अट्टहास तीच पांढरीफटक होऊन जळून जाते. म्हणून जाणकार मनुष्य मापकाचे म्हणणे ऐकून घेतो आणि एक ते दोन स्टॉप, प्रसंगी त्याहूनही अधिक, कमी प्रकाश घेतो. हिस्टोग्रॅमची, म्हणजे छटांच्या आलेखाची, उजवी बाजू भिंतीला आपटत नाही ना, एवढे पाहतो. सूर्य चौकटीबाहेर ठेवतो. भिंगावर हूड चढवतो आणि त्याच्यापुढची जास्तीची काच काढून ठेवतो, कारण समोरून येणारा प्रकाश भिंगांत घुसला की चित्रावर पांढुरके धुके धरते. सावलीत दबलेले तपशील पुढे थोडेफार वर काढता येतात; जळालेला केस मात्र परत येत नाही.

येथेच एका लाडक्या समजुतीचा निकाल लावणे भाग आहे. आपल्या चित्राविषयी कोणी शंका घेतली की छायाचित्रकार बहुधा असे उत्तर देतो की, मी जसे पाहिले तसेच दाखवले. कडेच्या प्रकाशाच्या चित्रापुरते तरी हे उत्तर टिकणारे नाही. मनुष्याचा डोळा उजेडाकडून सावलीकडे वळताना क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेतो, आणि म्हणूनच त्या माळावर उभे राहिलेल्याला काळविटाची सावलीतली कूसही दिसत असते, मागच्या उतारावरची झुडपेही दिसत असतात आणि झुडपांतून जाणारी पायवाटही दिसत असते. तिथे रात्र नसते. रात्र आणतो तो कॅमेरा, किंबहुना कॅमेऱ्याला कमी प्रकाश घ्यायला सांगणारा मनुष्य. हे चित्र शटर उघडते त्या घटकेलाच एक रचना असते. तिच्या निर्मात्याने नंतर संगणकासमोर बसून ती पुढे नेली, तर मूळ पापात भर पडली असे मानण्याचे कारण नाही. जे लोक ‘एडिटिंग’ हा शब्द ऐकताच नाक मुरडतात त्यांना हे कोणी तरी सांगायला हवे.

आणि पुढे नेण्याचे हे काम हलक्या हाताचे नव्हे. कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाइल प्रथमदर्शनी निराशच करते: काळोख राखाडी, सोने पिवळट, सगळेच फिके. पण तीत १४ बिटांची नोंद असली तर एकेका रंगाच्या सोळा हजारांहून अधिक पायऱ्या साठवलेल्या असतात, जिथे नेहमीच्या जेपीजीत अवघ्या २५६ असतात; आणि हे भांडवल हाती असल्यामुळेच छटा न फाटता ती इकडची तिकडे नेता येते. कसबी मनुष्य आधी काळ्याची पातळी ठरवतो, म्हणजे चित्रातला सर्वांत गडद भाग खरोखर काळा होईल इतपत खाली आणतो. मग उन्हाची ऊब जुळवतो, जी पहाटेच्या प्रकाशात मुळातच असते पण कॅमेऱ्याच्या स्वयंचलित व्हाइट बॅलन्सने पुसलेली असते. मग केवळ कडेवर मास्क घालून तिला जरा उठाव देतो, आणि डोळ्यातला एखादा कण, मिशांचे दोन-चार केस, ओलसर नाक यांना किंचित जाग आणतो. भिंगावरच्या वा सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसतो. सावली वर ओढल्याने उठलेली रवाळ खरखर मऊ करतो, पण इतकी नव्हे की केसांचे मेण व्हावे. अतिरेक झाला की तो लगेच दिसतो: कडेबाहेर दुसरी एक फिकट कड उमटते, केस तांब्याच्या तारा होतात, कानांचा नारिंगी रंग मिठाईच्या दुकानातला वाटू लागतो. दुर्दैवाने बक्षिसे देणाऱ्यांना आणि पसंती दर्शवणाऱ्यांना हाच अतिरेक पुष्कळदा भावतो, आणि मग तोच वस्तुपाठ होऊन बसतो.

काळोखी खोलीच्या काळातही हे सर्व होते. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे जे चित्र घेतले, त्याच्या प्रती ते पुढे कित्येक वर्षे स्वतः काढत राहिले आणि उत्तरोत्तर त्यांतले आकाश अधिकाधिक काळे करत गेले. एकाच निगेटिव्हमधून निघालेल्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या प्रती शेजारी ठेवल्या तर संध्याकाळची रात्र झालेली दिसते. त्यांना कोणी लबाड म्हटले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते, कारण त्या आकाशात दडवण्याजोगे काही नव्हते.

रानातल्या चित्रात असते. एका परिचिताच्या संगणकावर मी एक फाइल पाहिली आहे: संध्याकाळच्या उन्हात धुळीच्या रस्त्यावर आलेली वाघीण, पाठीमागून उजळलेली, खांद्यापासून शेपटीपर्यंत अखंड सोनेरी रेघ, मागे गडद काळोख, आणि त्या काळोखामुळे येणारा असा एकान्त, जणू पृथ्वीवर तिच्याखेरीज कोणी नाही. मग त्यांनी सहज म्हणून सावल्यांचा सरकता खटका उजवीकडे नेला. काळोख हळूहळू विरघळला आणि त्यातून आधी एक बॉनेट, मग दुसरे, मग टोप्या घातलेली आणि कॅमेरे उगारलेली सात-आठ माणसे बाहेर आली. वाघीण दोन बाजूंच्या वाहनांमधून वाट काढत होती. चित्रातून काहीही पुसलेले नव्हते, काहीही चिकटवलेले नव्हते. स्पर्धेच्या कुठल्याही कलमाचा शब्दशः भंग झालेला नव्हता. केवळ अंधार थोडा अधिक दाट केला होता, आणि तेवढ्याने एका कोंडलेल्या जनावराचे स्वच्छंद वनराणीत रूपांतर झाले होते.

माझ्या तक्रारीचा गाभा हा आहे. मान्यवर स्पर्धांचे नियम एखादी वस्तू चित्रात घालायला किंवा काढायला मनाई करतात, आणि छटा कमीअधिक करायला, कडा छाटायला मुभा देतात. सामान्य चित्रापुरती ही सीमारेषा पुरेशी आहे. परंतु कडेच्या प्रकाशाच्या चित्रात छटा कमी करणे आणि वस्तू काढणे यांत भेदच उरत नाही. गळ्यातला रेडिओ कॉलर, पाणवठ्याचा सिमेंटचा कठडा, शेताचे कुंपण, रस्त्यावरची जिप्सी, हे सारे सावलीच्या बाजूला असते आणि सावलीचा खटका डावीकडे नेताच नाहीसे होते. ही सोय इतर कुठल्याही प्रकारच्या छायाचित्राला इतक्या सहजपणे उपलब्ध नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे होणाऱ्या स्पर्धेच्या नियमांत, केलेल्या फेरफारांनी पाहणाऱ्याची दिशाभूल होता कामा नये, अशा आशयाचे एक व्यापक कलम आहे, आणि मला वाटते खरी कसोटी तीच आहे: जे झाकले ते कळले असते तर प्राण्याच्या स्थितीविषयीची वाचकाची समजूत बदलली असती काय? बाभळीचे खोड झाकले तर बदलत नाही. गळ्यातला कॉलर झाकला तर बदलते, कारण रानटी म्हणून दाखवलेले ते जनावर कोणाच्या तरी निगराणीखाली आहे, हे सत्य लपते.

कोणी म्हणेल की, रॉ फाइल मागवली की झाले. मागवावी, जरूर मागवावी. पण तीवर सारी भिस्त ठेवू नये. याच लंडनच्या स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च बक्षीस मिळालेले, फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे चित्र पुढच्याच जानेवारीत बाद करण्यात आले, कारण तो लांडगा शिकवलेला असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष झाला. आणि २०१७ चे, रात्रीच्या वेळी वारुळाकडे आलेल्या मुंगीखाऊचे चित्र २०१८ साली बाद झाले, कारण तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्ही ठिकाणी गफलत कॅमेऱ्यासमोर झाली होती; असल्या प्रकरणात फाइलीची कितीही शहानिशा केली तरी काही हाती लागत नाही. उलट नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले ती गफलत सरळसरळ चित्रातच झालेली, आणि एवढ्या नामांकित मासिकाला त्याबद्दल जन्माचा बोल लागला. अंधारातली लबाडी या दोन्हींच्या मधली आहे.

आता तर कडच खोटी उमटवता येते. भर दुपारी घेतलेल्या चित्राची पार्श्वभूमी काळी करून प्राण्याच्या बाह्यरेषेवर सोने फासणारी साधने कोणाच्याही फोनवर आहेत, आणि मनुष्याने न पाहिलेला वाघ नुसत्या वर्णनावरून घडवणारी यंत्रेही आहेत. वाचकाने थोडी नजर तयार ठेवली तर पुष्कळ खोटी चित्रे अजून पकडता येतात. खऱ्या पाठप्रकाशात सावली आपल्या दिशेने पडते. जमीन दिसत असेल तर पायांच्या सावल्या कुठे चालल्या आहेत ते पाहावे. सूर्य एका बाजूला कललेला असेल तर एक कड जाड आणि दुसरी बारीक यायला हवी. दोन्हीकडे सारख्याच जाडीची रेघ आली तर संशय घ्यावा. ज्या उन्हाने पाठ उजळली त्याने मिशा, पापण्या, कानाचे केस आणि पायांजवळचे गवतही उजळायला हवे. बनावट कारागिराला पाठीची आठवण राहते, गवताची राहत नाही.

रानात जे घडते त्याचाही उल्लेख करायला हवा, कारण या आवडीची किंमत तेथे कोणाला तरी मोजावी लागते. पाठीमागून प्रकाश हवा म्हणजे प्राणी सूर्य आणि वाहन यांच्या मध्ये हवा. तो तसा नसला तर वाहन फिरवून पलीकडे न्यायला हवे. आणि सफारीची वाट सोडायला तर मनाई आहे. मग चालकाला आग्रह होतो, गाइडला बक्षिसीची आशा दाखवली जाते, गाडी पुढे दामटून जनावराच्या वाटेवर आडवी घातली जाते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेथे कोणाला कडेचा प्रकाश हवा होता असे मी म्हणत नाही. पण जवळ जाण्याची आणि हव्या त्या बाजूने पाहण्याची जी हाव तेथे दिसली, तिला या चित्रांचा बाजार खतपाणी घालतो, एवढे म्हणायला हरकत नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्ष्यांच्या पंखांतून सकाळचे ऊन गाळून आलेले पाहणे हा अपूर्व आनंद आहे, पण तो पक्षी आपण होऊन उडाला तर. होडी अंगावर नेऊन थवा उठवण्यात कसले कौशल्य? ज्याला हा प्रकाश खरोखर साधतो तो जनावराला हलवत नाही, स्वतः आधी येऊन बसतो आणि वाटेने दिले तेवढे घेतो. अशी माणसे आहेत, आणि त्यांच्या चित्रांवर बनावट चित्रांमुळे जो अविश्वास ओढवतो तो त्यांच्यावर अन्याय आहे.

म्हणून माझी सूचना बंदीची नाही. सातबारावर एखाद्या जमिनीचा मालक बदलला किंवा तीवर बोजा चढला तर फेरफाराच्या वहीत त्याची नोंद पडते. जमीन विकू नये असे त्या वहीत कोठेही लिहिलेले नसते, विकली तर ती गोष्ट सर्वांना वाचता यावी एवढाच तिचा हेतू. वन्यजीव चित्रांच्या बाबतीत एवढीच व्यवस्था व्हावी. वृत्तपत्रांनी, दिनदर्शिका काढणाऱ्या संस्थांनी आणि विशेषतः वनविभागाने, जो दर वर्षी वन्यजीव सप्ताहात ठिकठिकाणी छायाचित्रांच्या स्पर्धा भरवतो, प्रत्येक चित्राखाली एक ओळ मागावी: स्थळ कोणते, प्राणी मुक्त की बंदिस्त, प्रकाश नैसर्गिक की कृत्रिम, आणि चित्रातला काळोख घेतानाचा की नंतर दाट केलेला; दाट केला असल्यास त्यात मनुष्य, वाहन, कॉलर किंवा बांधकाम होते काय. परीक्षकांनी मूळ फाइल उघडून सावल्या एकदा वर ओढून पाहाव्यात. या कामाला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

यावर संपादक मंडळी जागेची सबब सांगतील. छायाचित्रकाराचे नाव ज्या बारीक टाइपात चित्राच्या कडेला छापले जाते त्याच टाइपात ही ओळ सहज बसते. कलावंत मंडळी म्हणतील की, अशा कबुलीने चित्राची जादू जाते. ॲडम्सच्या आकाशाची कथा जगजाहीर आहे आणि त्या चित्राची किंमत तिने घटलेली नाही. आणि एखाद्याला ही ओळ लिहिताना जर अडचण वाटू लागली, ‘मागे सहा वाहने उभी होती’ हे शब्द बोटांतून उतरेनात, तर त्याने ते चित्र पाठवू नये आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी एखाद्या गडाच्या पायथ्याशी जाऊन बसावे. वानरे तेथे रोजच येतात.